संकटकाळातील भीती आणि पैशाची चिंता: मुंबईकर कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दंगल, साथ, संप, महापूर, अचानक लागू झालेली संचारबंदी किंवा आपल्या बँकेवर आलेले निर्बंध अशा काळात मुंबईतील पगारदार, छोटे व्यावसायिक आणि हातावर पोट असलेली कुटुंबे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. नियम आणि रकमा वेळोवेळी बदलतात, म्हणून प्रत्यक्ष व्यवहार करण्यापूर्वी संबंधित बँकेत किंवा कार्यालयात चौकशी करून घ्यावी.

संकट अजून आमच्या दारापर्यंत आलेले नाही. मग पैशाची धास्ती आधीच का वाटू लागते?

मुंबईतील बहुतेक घरांचा हिशेब महिन्याच्या चक्रावर चालतो. पगार पहिल्या आठवड्यात जमा होतो आणि भाडे, घरकर्जाचा हप्ता, सोसायटीची देखभाल, शाळेची फी आणि गावी पाठवायची रक्कम यांत दहा तारखेपर्यंत वाटला जातो. खर्चाच्या तारखा पक्क्या असतात. संकटाची बातमी येताच अनिश्चित होते ती उत्पन्नाची तारीख. त्यामुळे माणूस एकूण किती पैसे आहेत यापेक्षा ते किती दिवस पुरतील याचाच विचार करू लागतो. या पानावरील बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीभोवती फिरतात: संकटकाळात कुटुंबाला सर्वाधिक गरज मुदतीची, म्हणजे तग धरायला मिळणाऱ्या वेळेची, असते, आणि घाबरलेला माणूस नेमकी तीच कमी किमतीला विकून टाकतो.

या भीतीचा विचारशक्तीवर होणारा परिणाम संशोधकांनी मोजलेला आहे. तामिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याच शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी पिकाचे पैसे हाती येण्यापूर्वी आणि आल्यानंतर अशी दोनदा घेण्यात आली. माणसे तीच असूनही तंगीच्या दिवसांतील त्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली होती. पैशाची ओढाताण मनाचा एवढा भाग व्यापून टाकते की उरलेल्या गोष्टींकडे लक्ष कमी पडते. म्हणून अशा दिवसांत ठेव मोडणे, दागिना विकणे, कर्जाच्या कागदावर सही करणे यांसारखे निर्णय एकट्याने आणि मोबाइलवर घेऊ नयेत. ते कागदावर लिहून, घरातील किंवा विश्वासातील दुसऱ्या व्यक्तीला वाचून दाखवून, शक्य असल्यास एक रात्र मध्ये जाऊ देऊन घ्यावेत.

ही भीती अवास्तव आहे, ‘सकारात्मक राहा’, असे लोक सांगतात. ते बरोबर आहे का?

नाही. या शहरातील भीतीला इतिहासाचा भक्कम आधार आहे, आणि तो नाकारून कोणाचेही मन शांत होत नाही.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात प्लेग आढळला आणि पुढील काही महिन्यांत शहरातील लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा गावाकडे निघून गेला. त्या काळी गिरणीतील पगार कामाचा महिना उलटून गेल्यावर हाती पडत असे. उद्या आपण येथे असू की नाही याची खात्री नसलेल्या कामगारांनी रोजच्या रोज मजुरी मागायला सुरुवात केली आणि माणसेच मिळेनाशी झाल्यामुळे गिरण्यांना ती द्यावीही लागली. कामगारांचे हे वागणे घाबरटपणाचे नव्हते, कारण महिनाभर थांबण्याचा धोका एकट्याने पत्करण्यास त्यांनी दिलेला तो नकार होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. लालबाग, परळ, वरळी, डिलाईल रोड येथील अनेक घरांनी सुरुवातीचे महिने ‘पुढच्या महिन्यात सुटेल’ या आशेवर काढले, वाण्याची उधारी वाढू दिली, भांडी आणि दागिने गहाण टाकले, आणि काही जण कोकणात किंवा घाटावर परत गेले ते कायमचेच. ज्यांच्या घरातील बाई खानावळ चालवत होती किंवा शिवणकाम करत होती, त्या घरांत निदान चूल पेटती राहिली. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये गिरणगावातील खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते. सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्या बायकांना मिळावे, हा त्यामागचा एक मुख्य हेतू होता. गिरणगावाच्या आर्थिक इतिहासात या कामाला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही, असे माझे मत आहे.

२०२० मध्ये २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल थांबली. १५ जूनला ती सुरू झाली, पण फक्त अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. ज्यांची रोजची कमाई विरार, कल्याण, पनवेलहून गाडीने येण्यावर अवलंबून होती, त्यांना भीती बाळगण्यासाठी वेगळ्या कारणाची गरज नव्हती.

तेव्हा भीती खरी आहे असे मानूनच पुढे जावे. प्रश्न एवढाच उरतो की तिच्या भरात कोणता व्यवहार करायचा आणि कोणता टाळायचा.

आमच्या बँकेविषयी वाईट बातमी आली आहे आणि शाखेसमोर रांग लागली आहे. मी रांगेत उभे राहावे का?

रांग लावणारा प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणपणाने वागत असतो, आणि अडचण त्यातच आहे. बँक ठेवीदाराला ‘मागाल तेव्हा पैसे’ असे वचन देते आणि तेच पैसे कर्जदाराला पंधरा-वीस वर्षांसाठी वापरायला देते. सर्वांनी एकाच दिवशी मागणी केली तर चांगली बँकही ती पुरी करू शकत नाही. डायमंड आणि डिबविग या अर्थशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये ही यंत्रणा उलगडून दाखवली आणि २०२२ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना बर्नान्के यांच्यासह मिळाले. डिसेंबर १९७३ मध्ये जपानमधील तोयोकावा शिंकिन या छोट्या बँकेवर धाव पडली. तिचा उगम आगगाडीत शाळकरी मुलींमध्ये झालेल्या एका गप्पेत होता, असे पोलिसांच्या तपासात निघाले. बँक मुळात ठणठणीत होती.

मुंबईतील अनुभव मात्र काहीसा वेगळा आहे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा लोक रांगेत उभे राहिले ते निर्बंध लागू झाल्यानंतर. सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील असे आधी सांगण्यात आले, आणि पुढे ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवत जून २०२० मध्ये १ लाखापर्यंत नेण्यात आली. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या बाबतीतही १३ फेब्रुवारी २०२५ रोजी निर्बंध आले आणि गर्दी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. याचा व्यावहारिक अर्थ असा की, रांग दिसू लागेपर्यंत निर्णय बहुधा होऊन गेलेला असतो आणि रांगेतल्या जागेने फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो ठेव विम्याने. डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीमार्फत प्रत्येक बँकेतील प्रत्येक ठेवीदाराची ५ लाख रुपयांपर्यंतची रक्कम विमा संरक्षित असते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. त्याआधी ती १ लाख होती. या ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जाते. एकाच बँकेच्या दादर आणि ठाणे शाखांतील तुमच्या ठेवी वेगळ्या मोजल्या जात नाहीत. मात्र पती-पत्नीचे संयुक्त खाते हे वैयक्तिक खात्याहून वेगळ्या हक्काचे मानले जाते. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर, निर्बंध लागल्यापासून साधारण ९० दिवसांत ही रक्कम मिळण्याची तरतूद झाली आहे. त्यासाठी बँकेने मागितलेला अर्ज आणि पर्यायी खात्याचा तपशील वेळेत द्यावा लागतो. म्हणून केवायसी अद्ययावत असणे आणि दुसऱ्या एखाद्या बँकेत चालू स्थितीतील खाते असणे याला फार महत्त्व आहे.

सहकारी बँक आणि पतसंस्था यांतील फरक कितीतरी ठेवीदारांना संकटानंतरच कळतो. पतसंस्थेला किंवा कर्मचाऱ्यांच्या पतपेढीला हे विमा संरक्षण नाही. पाटीवरचे नाव कितीही ओळखीचे असले, संचालक चाळीतलेच असले आणि व्याज एक-दोन टक्के जास्त असले, तरी निवृत्तीची सगळी रक्कम तेथे ठेवू नये. सोसायट्यांनी आपला दुरुस्ती निधीही एकाच बँकेत किती ठेवायचा हे ठरवून घ्यावे, कारण ५ लाखांची मर्यादा सोसायटीलाही तशीच लागू होते, तिचे सभासद पन्नास असोत की पाचशे.

घरात रोख रक्कम किती ठेवावी?

साधारण दोन आठवड्यांच्या किराणा, दूध, औषध आणि प्रवासाच्या खर्चाएवढी, आणि तीही लहान नोटांमध्ये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांतील अनेक भागांत वीज काही दिवस गेली. वीज आणि मोबाइलचे जाळे बंद पडले की एटीएम चालत नाही आणि आज ज्यावर आपण अवलंबून आहोत ते यूपीआयही चालत नाही. दुसऱ्या बाजूने, ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातील सुमारे ८६ टक्के मूल्याच्या नोटा रद्द ठरल्या, आणि घरातल्यांपासून लपवून डब्यात साठवलेले पैसे अनेक गृहिणींना पहिल्यांदाच सर्वांसमोर काढावे लागले. त्या डब्यामागे वर्षानुवर्षांची काटकसर आणि थोडेसे स्वातंत्र्यही होते. त्याची थट्टा झाली ते योग्य नव्हते. ती बचत स्त्रीच्या स्वतःच्या नावावरील खात्यात असावी, एवढेच सुचवता येईल.

किराणा भरून ठेवावा का?

एका महिन्याचा भरावा, तीन महिन्यांचा भरू नये. नोटाबंदीच्या त्याच आठवड्यात मीठ संपणार अशी अफवा उत्तर भारतातून मुंबईपर्यंत पोहोचली होती. ज्या देशाला एवढा समुद्रकिनारा आहे आणि जेथे वडाळा-मुलुंडकडे जाताना मिठागरे दिसत आली आहेत, तेथे लोकांनी चढ्या भावाने मीठ घेतले. नियमित लागणारी औषधे मात्र महिनाभर पुरतील इतकी घरात असावीत.

पगार थांबला किंवा धंदा बंद झाला, तर कोणते पैसे आधी द्यावेत?

जे न दिल्यास घर, जेवण, उपचार किंवा कमाईचे साधन जाते ते आधी द्यावे. जे न दिल्यास केवळ दंड, व्याज किंवा अपमान होतो ते नंतर. हा क्रम सांगायला सोपा आहे, पण पाळायला अवघड, कारण वसुलीसाठी मोठ्याने ओरडणारा माणूस बहुधा दुसऱ्या गटातला असतो. रिक्षाचालकाच्या दृष्टीने रिक्षाचा हप्ता पहिल्या गटात येतो आणि दूरदर्शन संचाचा हप्ता दुसऱ्यात. आरोग्य विम्याचा आणि मुदत विम्याचा हप्ता थांबवण्याचा मोह टाळावा, कारण आजारपणाचा धोका संकटात वाढलेला असतो आणि खंडित पॉलिसी पुन्हा सुरू करताना वैद्यकीय तपासणी मागितली जाऊ शकते.

क्रेडिट कार्डाच्या बिलावर छापलेली ‘किमान देय रक्कम’ भरून वेळ मारून नेणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे. उरलेल्या रकमेवर वर्षाला साधारण ३६ ते ४२ टक्के दराने व्याज चढते. बँकेत मुदत ठेव असेल तर ती न मोडता तिच्यावर कर्ज काढता येते. त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा सहसा एक-दोन टक्केच अधिक असतो. एकीकडे ठेव जपून दुसरीकडे कार्डाची थकबाकी वाढू देणारी बरीच सुशिक्षित कुटुंबे आहेत. ठेव हात लावायची गोष्ट नाही असा संस्कार त्यामागे असतो, पण संकटात तो महागात पडतो.

घरकर्जाचा हप्ता थकणार आहे. बँकेला आधी सांगावे की थकल्यावर बघावे?

आधी सांगावे, आणि लेखी सांगावे. हप्ता चुकण्यापूर्वी मुदतवाढ मागणारा ग्राहक आणि तीन हप्ते थकवून फोन न उचलणारा ग्राहक यांच्याकडे बँक एकाच नजरेने पाहत नाही. नव्वद दिवस थकलेले कर्ज अनुत्पादक ठरते आणि त्यानंतर शाखा व्यवस्थापकाच्या हातात फारसे काही उरत नाही.

मिळालेल्या सवलतीची किंमतही समजून घ्यावी. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळातील हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, तेव्हा अनेकांना ती माफी वाटली. व्याज मात्र चालूच होते. उदाहरणार्थ, नुकतेच घेतलेले ३० लाखांचे, वीस वर्षांचे कर्ज साडेआठ टक्के दराने असेल तर हप्ता सुमारे २६,००० रुपये होतो. सुरुवातीचे सहा हप्ते थांबवले आणि पुढे हप्ता तोच ठेवला, तर एकूण हप्ते २४० ऐवजी २७० च्या आसपास जातात. ज्याचा पगार खरोखर थांबला होता त्याच्यासाठी हा सौदा तरीही योग्यच होता, कारण त्याने घर वाचवणारी मुदत विकत घेतली. पगार चालू असताना केवळ धास्तीने हप्ते थांबवणाऱ्यांनी मात्र गरज नसलेली वस्तू महाग दराने घेतली.

वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धमकावू नये आणि नातेवाइकांसमोर अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट निर्देश आहेत. बँकेकडे केलेल्या तक्रारीला तीस दिवसांत समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर बँकिंग लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यासाठीचा संपर्क क्रमांक १४४४८ आहे.

भाडे देणे शक्य नसेल तर?

घरमालकाला तारीख आणि रक्कम सांगून तसे लेखी ठरवून घ्यावे. अर्धे भाडे वेळेवर आणि उरलेले अमुक महिन्यांत, असा प्रस्ताव पुढे ठेवल्यास तो बहुधा मान्य होतो, कारण रिकामी खोली मालकालाही परवडत नाही. एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली तीन महिने पुढे ढकलण्याची आणि त्या कारणाने भाडेकरूंना न काढण्याची सूचना केली होती. प्रत्येक संकटात अशी सूचना येईलच असे गृहीत धरू नये.

सोने विकावे की गहाण ठेवावे?

तंगी काही महिन्यांची आहे आणि पुढे उत्पन्न येणार आहे अशी वाजवी खात्री असेल, तर बँकेत किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेत गहाण ठेवावे. विकताना घडणावळ बुडते, आणि तोच दागिना परत करायचा म्हटले तर ती पुन्हा मोजावी लागते. उत्पन्न परत येण्याची चिन्हे नसतील, तर मात्र गहाण ठेवून व्याज भरत राहण्यापेक्षा आजच्या भावाने विकणे प्रामाणिकपणाचे ठरते. गिरणी संपानंतरच्या काळात कित्येक मंगळसूत्रे व्याजातच गेली. दागिना भावनेचा असतो, आणि म्हणूनच ‘सोडवू कधीतरी’ असे म्हणत माणूस त्याची किंमत दुप्पट भरतो. गहाण ठेवताना वजन, शुद्धता आणि लिलावापूर्वी द्यावयाच्या नोटिशीची अट पावतीवर लिहिलेली आहे ना, ते तेथेच वाचून पाहावे.

बाजार कोसळतो आहे. म्युच्युअल फंडातील पैसे काढून घ्यावेत का?

पुढच्या दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे मुळात शेअर बाजारात असू नयेत. ते असतील आणि घरात दुसरे काहीच नसेल, तर तोटा सोसूनही आवश्यक तेवढेच काढावेत. बाकीच्या पैशांना हात लावू नये. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात सुमारे १३ टक्के घसरून २६,००० च्या खाली आला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने जानेवारीचा उच्चांक ओलांडला. मात्र प्रत्येक वेळी सात-आठ महिन्यांत भरपाई होते असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये: जानेवारी २००८ ची पातळी पुन्हा दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला. आणि १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव पडले, तेव्हा कापसाच्या तेजीतील पैशावर मुंबईत गाजलेले बॅकबे भराव कंपनीचे शेअर कधीच वर आले नाहीत.

मोबाइल अ‍ॅपवर दहा मिनिटांत कर्ज मिळते. अडचणीच्या वेळी ते घेण्यात गैर काय?

जे अ‍ॅप आपण कोणत्या बँकेच्या किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेच्या वतीने कर्ज देतो हे सांगत नाही, ते घेऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवी, वार्षिक एकूण दर आधी सांगायला हवा आणि फोनमधील संपर्क यादी किंवा छायाचित्रे वाचण्याची परवानगी मागता येत नाही. बेकायदा अ‍ॅपची सगळी वसुली त्याच यादीवर चालते: कर्जदाराच्या मेहुण्याला, वरिष्ठांना, शाळेच्या गटाला बदनामीचे संदेश पाठवले जातात. असे झाल्यास आणखी पैसे न भरता १९३० या सायबर फसवणूक क्रमांकावर आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करावी.

गल्लीतील सावकाराविषयीही हाच निकष लावावा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करता येते. भिशीचे पैसे मात्र संकटात उपयोगी पडतात, जर ती ओळखीच्या दहा-पंधरा जणांची असेल आणि सर्वांचे उत्पन्न एकाच ठिकाणाहून येत नसेल. एकाच कारखान्यातील वीस जणांची भिशी कारखाना बंद पडताच बुडते.

संकटकाळात फसवणूक का वाढते?

घाबरलेला माणूस खातरजमा करण्याइतका वेळ स्वतःला देत नाही, आणि फसवणारे त्याच घाईवर जगतात. ‘तुमचे खाते आज रात्री गोठवले जाईल’, ‘तुमच्या नावाचे पार्सल पकडले आहे, तुम्ही डिजिटल अटकेत आहात’ अशा संदेशांत एक मुदत हमखास असते आणि ती फार थोडी असते. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही. ज्येष्ठ नागरिक एकटे राहत असतील तर त्यांना एवढे एकच वाक्य शिकवून ठेवावे: ‘मी मुलाशी बोलून उद्या कळवतो.’

घरात किती सांगावे? मुलांना आणि गावी असलेल्या आई-वडिलांना कळू द्यावे का?

पती-पत्नींनी एकमेकांपासून काहीही लपवू नये. नोकरी गेल्यावरही रोज डबा घेऊन घराबाहेर पडणारी आणि दिवस स्टेशनवर किंवा बागेत काढणारी माणसे या शहरात असतात. त्या काळात घरचा खर्च पूर्वीसारखाच चालू राहतो आणि दोन महिन्यांत बचत संपते. लपवण्याची ही किंमत मी इतर बहुतेक तोट्यांपेक्षा जास्त मानतो, कारण ती केवळ रुपयांत मोजता येत नाही.

दहा वर्षांवरील मुलांना ‘काही महिने आपण कमी खर्च करणार आहोत, शाळा आणि जेवण यांत फरक पडणार नाही’ इतके सांगणे पुरेसे असते. मुले अर्धवट ऐकलेल्या भांडणावरून जे अनुमान काढतात ते खऱ्या परिस्थितीहून नेहमीच भयंकर असते. गावी दरमहा पैसे पाठवत असाल तर रक्कम अचानक बंद न करता कमी करावी आणि कारण सांगावे. आई-वडिलांना बहुधा रकमेपेक्षा अबोल्याची जास्त काळजी वाटते, आणि बऱ्याचदा तांदळाचे पोते तिकडूनच येते.

नातेवाईक उसने मागत आहेत. नाही कसे म्हणावे?

परत आले नाही तरी चालेल एवढीच रक्कम द्यावी. त्याहून अधिक मागितल्यास आकडा सांगून नकार द्यावा, आणि जामीन राहण्यास मात्र कधीही होकार देऊ नये.

आमचे हातावर पोट आहे. ठेवी आणि हप्त्यांविषयीच्या या सल्ल्याचा आम्हाला काय उपयोग?

फारसा नाही, हे मान्य करायला हवे. ज्याच्या घरात शनिवारची मजुरी रविवारी संपते त्याला सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला सांगणे हा उद्धटपणा आहे. अशा कुटुंबांची मुदत बँकेत नसते. ती वाण्याच्या वहीत, शिधापत्रिकेवर आणि कामावर ठेवणाऱ्याच्या वागण्यात असते. म्हणून शिधापत्रिका चालू ठेवणे, तिच्यावरील नावांची आधार जोडणी पूर्ण ठेवणे आणि गाव व मुंबई यांपैकी कोठूनही धान्य उचलता येते हे माहीत असणे, हे त्यांचे खरे आर्थिक नियोजन आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शिधापत्रिकाधारक कुटुंबाला ठरावीक रुग्णालयांत आणि ठरावीक उपचारांसाठी वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा या दोन विमा योजनांचे मिळून वर्षाला ४५६ रुपये मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून कापले जातात. नेमक्या त्याच दिवसांत बरेच कामगार गावी असतात आणि खाते रिकामे असते, त्यामुळे विमा गेल्याचे कोणाला कळतही नाही.

ज्यांच्याकडे घरकाम करणाऱ्या ताई, वाहनचालक किंवा सुरक्षारक्षक आहेत त्यांनी संचारबंदीच्या काळात पगार चालू ठेवावा. सोसायटीने फाटक बंद केले तर ‘ती आली नाही’ असे म्हणण्याचा हक्क सोसायटीला उरत नाही.

रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडते, पैशाशिवाय दुसरा विचार येत नाही. हे पैसे आल्यावरच थांबेल ना?

नेहमीच नाही. काही जणांची चिंता उत्पन्न सुरळीत झाल्यानंतरही तशीच राहते, आणि काहींची पैसे पुरेसे असतानाही सुरू होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा काम बिघडले असेल, दारू वाढली असेल, किंवा ‘आपण नसतो तर विम्याचे पैसे तरी मिळाले असते’ असा विचार एकदाही मनात आला असेल, तर हिशेब बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्यावी. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनाशुल्क चालतो आणि मराठीत बोलता येते. केईएम, शीव, नायर आणि जे. जे. रुग्णालयांत मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग आहेत आणि तेथील खर्च खासगी उपचारांच्या तुलनेत नगण्य असतो. कर्जाच्या ताणाने कोणी असे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच्या देण्यांची यादी दुसऱ्या कोणी तरी हातात घ्यावी.

संकट ओसरले, पगार सुरू झाला. आधी काय करावे?

सर्वांत महाग कर्ज आधी फेडावे: कार्ड, अ‍ॅप, हातउसने, मग सोने, आणि शेवटी घरकर्ज. हातउसने याला व्याज नसते, तरी ते वरच्या क्रमांकावर ठेवले आहे, कारण पुढच्या वेळी तेच दार ठोठवावे लागणार असते. त्याबरोबरच प्रत्येक खात्यावरील नामनिर्देशन तपासावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. साथीच्या काळात ज्या घरांतील कर्ती व्यक्ती गेली, तेथे खाते कोणत्या बँकेत आहे हेच कोणाला माहीत नसल्याची उदाहरणे कमी नव्हती. जुन्या, विसरलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या उद्गम या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. खाती, पॉलिसी, गहाण पावत्या आणि देणी यांची एक यादी हाताने लिहून घरातील दोघांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावी, आणि दर गुढीपाडव्याला ती नव्याने लिहावी.